क्रॅबॲपलला नागपुरात फुलं का येत नाहीत, अन् पानं का पिवळी पडतात, का करपतात

दर वर्षी फेब्रुवारी सरता सरता ओळखीतले लोक हाच प्रश्न विचारून राहिले, की ऑनलाईन मागवलेलं क्रॅबॲपल, म्हणजे फुलांच्या शोभेसाठी लावतात ते छोट्या सफरचंदाचं झाड, जगलं, उंची पण घेतली, पानंही येतात, पण फुलाचं नाव नाही, तर आता कोणतं खत टाकू. कोणी डीएपी टाकलेलं असतं, कोणी दुकानदाराने दिलेलं फ्लॉवर बूस्टर, कोणी ताक अन् गूळ, अन् एका काकूंनी तर बुंध्याशी रोज बर्फाचा ट्रे ओतला होता. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

सगळ्यात आधी उत्तर. फुलं येत नाहीत त्याला खताची कमी हे कारण नाहीये. झाडाला जी थंडी लागते ती नागपुरात नाही, बस. पानं पिवळी पडणं, कडा करपणं, पावसाळ्यात झाड अचानक मान टाकणं, या सगळ्या वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी अन् त्यातल्या बऱ्याचशा दुरुस्त पण होतात. लोक सगळं एकाच डबक्यात टाकतात अन् मग एकच औषध सगळ्यावर मारतात, घोळ तिथे होतो.

पहिले हे बघा की घरात आहे ते खरंच क्रॅबॲपल आहे का. हसू नका. क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाच्याच जातकुळीतलं, मॅलस, फक्त फळ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असलं की त्याला क्रॅब म्हणायचं असा साधा हिशोब आहे. पानाची कड बारीक दातेरी, मधून एकच मुख्य शीर. आपल्याकडे या नावाने ॲपल बोर खपवलेलं मी पाहिलं आहे, त्याच्या पानाला देठापासूनच तीन शिरा निघतात अन् खालची बाजू पांढरट असते, काटे असले तर विषयच संपला. बोर असेल तर खुशाल वाढवा, नागपुरात त्याच्यासारखं बिनतक्रार झाड नाही, पण गुलाबी फुलांची वाट बघू नका.

दुसरं म्हणजे बुंध्याकडे बघा. कलमाचं झाड असेल तर मातीपासून थोडं वर एक गाठ किंवा वाकण दिसेल. त्या गाठीच्या खालून निघालेले फुटवे म्हणजे खुंटाचे, ज्या खालच्या झाडावर कलम बांधलं त्याचे, वरच्या जातीशी त्यांचा संबंध नाही. आपल्या संत्र्यात कसं, वरचं कलम वाळतं अन् खालची जंबेरी जोमाने वाढत जाते, मालक खूश की झाड काय फोफावलं म्हणून, तसंच इथे होतं, कारण आपल्या उन्हाळ्यात वरची नाजूक जात आधी मरते अन् खुंट तगतो. गाठीखालचे सगळे फुटवे मुळापासून काढत राहायचे, नुसतं वरून छाटलं की दुप्पट येतात. गाठीच्या वर काहीच जिवंत नसेल तर तुम्ही खुंट पाळून राहिले आहात.

अन् बियांपासून केलं असेल तर अजून एक भानगड आहे. पाकिटातल्या बिया कुंडीत टाकल्या अन् उगवल्या नाहीत ही तक्रार पण नेहमीची. सफरचंदवर्गीय बी ओल्या थंडीत राहिल्याशिवाय सहसा उठतच नाही, ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंशावर अडीच-तीन महिने ठेवावं लागतं. उगवलं तरी नावाच्या जातीचं बी बहुतेक वेळा आईसारखं निघत नाही, अन् बियांच्या झाडाला फुलावर यायला सहज सहा-आठ वर्षं लागतात, तेही थंड मुलखात.

आता मुख्य गोष्ट, थंडी. क्रॅबॲपलचे फुलांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे बंद कोंब, आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर तयार होतात. पानगळ झाली की ते गाढ झोपतात, अन् ही झोप नुसत्या कॅलेंडरने उघडत नाही, साधारण ० ते ७ अंशांमधले तास मोजून झाल्यावरच उघडते. जातीप्रमाणे कमी-जास्त असतं, पण नेहमीच्या जातींना ८०० ते १००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त तास लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी १२-१३ अंश. २०१८ च्या डिसेंबरअखेर ३.५ पर्यंत उतरला होता, सगळं नागपूर शेकोटीपाशी बसलं होतं, पण तेही दोन-चार पहाटेचे काही तास. अन् गंमत अशी की दुपारी परत २८ अंश होतं, त्या उबेने रात्रीची जमा झालेली थंडी वजा होते. म्हणजे खात्यात टाकलं तेवढंच संध्याकाळपर्यंत काढून घेतलं. हजार तास कुठून येणार? आपल्या विदर्भातलं हक्काचं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा, ते पण ११०० मीटरच्या आसपास, तिथेसुद्धा हे गणित बसत नाही, तिथे कॉफी होते, यावरून समजा.

थंडी कमी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीच्या फक्त टोकाला पानांचा झुपका येतो अन् खालची हातभर काठी उघडीच राहते, मधले डोळे झोपेतच. कधी एखादं फूल येतं, मग महिनाभराने दुसरं, असं रेंगाळत. काही झाडं तर पानगळच धड करत नाहीत, जुनी चामड्यासारखी पानं मार्चपर्यंत तशीच लटकलेली. हे दिसलं की दुसरं कारण शोधत बसू नका.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं की संत्र्याला ताण देतो तसा ताण देऊ. पटण्यासारखं वाटतं, कारण आपल्याकडे अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरतानाच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडतात, मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्यात तोडतात, अन् पाणी दिलं की झाड फुलतं. पण संत्र्याला पाण्याचा ताण पुरतो. क्रॅबॲपलच्या डोळ्याला थंडीच मोजायची असते, कोरडं ठेवून ती भरपाई होत नाही. ताणाचा एवढाच फायदा की झाड जरा लवकर पानं टाकतं.

बर्फाचंही तेच. थंडी मोजतो तो डोळा, मूळ नाही. बुंध्याशी बर्फ टाकून वर हवेत २८ अंश असेल तर डोळ्याला काय कळणार, उलट मुळं गारठतात अन् पाणी घेणं थांबवतात. लहान कुंडीतलं, बोन्साय टाईप झाड असेल तर पानं काढून कुंडीसकट फ्रिजमध्ये दोन-अडीच महिने ठेवता येतं, तत्त्व म्हणून बरोबर आहे, फक्त त्याच फ्रिजमध्ये सफरचंद-केळी ठेवायची नाहीत कारण पिकणाऱ्या फळाच्या वायूने डोळे खराब होतात. घरातल्यांची परवानगी ज्याची त्याने काढायची.

दुसरा उपाय पानं ओरबाडायचा. इंडोनेशियात, पूर्व जावातल्या डोंगराळ भागात सफरचंदाच्या बागा आहेत, तिथे थंडी नसतेच, तर ते काय करतात की फळ काढून झालं की हाताने सगळी पानं काढून टाकतात, म्हणजे डोळे गाढ झोपायच्या आधीच त्यांना परत फुटायला लावतात. आपल्याकडे करून बघायचं तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, डोळा न दुखवता पान देठाजवळ कापून काढायचं, फांद्या दोरीने बांधून जरा आडव्या करायच्या अन् मग पाणी सुरू करायचं. कमी थंडीच्या जातीवर थोडा फरक पडतो. हजार तासवाल्या जातीवर फार आशा ठेवू नका, आणि तिथे डोंगरावर आपल्यासारखा मे महिना नसतो हे पण लक्षात ठेवा.

हायड्रोजन सायनामाईडबद्दल पण विचारतात, कारण नाशिक-सांगलीकडे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फोडायला तेच लावतात. घरच्या बागेत अजिबात नको. चांगलंच विषारी आहे, कातडीला भाजतं, अन् ते हाताळल्याच्या आगेमागे कोणी दारू घेतली तर रिॲक्शन फार वाईट होते. एका शोभेच्या झाडासाठी एवढी जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

अन् ती हिवाळी छाटणी थांबवा. फुलं जी काय येतात ती जुन्या आखूड, गाठाळ फांद्यांवर येतात, माळी येऊन जानेवारीत सगळं गोलगुट्ट कापून जातो तेव्हा त्या आधी जातात. वर युरिया दिला की नुसते उभे लांब पाणसोट सुटतात. झाड हिरवंगार दिसतं, मालकाला वाटतं खत लागू पडलं.

आता पानांच्या तक्रारी. एप्रिलपासून कडा तपकिरी होऊन कुरकुरीत, मधला भाग हिरवा, हे करपणं आहे, रोग नाही, बुरशीनाशक मारू नका. आपल्या मे मध्ये पारा ४५ पर्यंत जातोच, २०१३ च्या मे मध्ये ४७.९ झालं होतं, अन् नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ रखरखीत दिवस, लागला की गरम हवेचा झोत वेगळाच. एवढ्या उन्हात मुळांना पाणी असूनही पान जेवढं उडवतं तेवढं मुळं वर पोचवू शकत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीजवळ, पेव्हर ब्लॉकच्या मधोमध, किंवा कूलरच्या बाहेरच्या बाजूला लावलं असेल तर आणखी वाईट. मार्चअखेरीलाच ५० टक्केवाली ग्रीन नेट वरून अन् पश्चिमेकडून बांधा, बुंध्याभोवती सोयाबीनचं कुटार किंवा वाळका पाला चांगला चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. पाणी पहाटे, आणि एकदम भरपूर, रोज मगभर शिंपडून काही होत नाही. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी कुदळीने वरचा थर हलवून भेगा बुजवा, नाहीतर पाणी भेगेतून सरळ खाली जातं अन् मुळं कोरडीच. खोडाची साल उन्हाने तडकते, तिथून मग किडे शिरतात, त्यासाठी चुना किंवा पांढरा वॉटर बेस पेंट पातळ करून लावला तरी चालतो.

पिवळं पडणं वेगळं. कोणतं पान पिवळं आहे ते बघायचं, इथे घाई नको. खालची जुनी पानं सगळी सारखी फिकट होत असतील तर नत्राची कमी, शेणखत द्या. पण वरची कोवळी पानं पिवळी अन् शिरा मात्र हिरव्यागार, जाळीसारखी, तर ती लोहाची कमी आहे, आणि नागपुरात दहातल्या नऊ वेळा मला तेच दिसतं. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, सामू (पीएच) ८ च्या आसपास जातो, मातीत लोह असतं पण मुळांना घेता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी, कुंडीच्या काठावर पांढरा थर साचतो ना, तेच. संत्र्याच्या बागांना पण हा त्रास आहेच.

यावर लोक मूठभर हिराकस बुंध्याशी टाकतात, म्हणजे फेरस सल्फेट. चुनखडीच्या मातीत ते थोड्याच दिवसात अडकून बसतं, पैसे वाया. फवारणी करा, लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट अन् त्यात अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी, दहा-बारा दिवसांनी परत. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह, घ्या, पण दुकानात विचारून ईडीडीएचए वालंच घ्या, स्वस्तातलं ईडीटीए मिळतं ते आपल्या सामूत टिकत नाही. झाड लावताना काळी माती काढून त्यात मुरूम अन् शेणखत मिसळलं असतं तर हा त्रास बराच कमी झाला असता. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर उन्हाळ्यात तेच द्या. आणि एकदा माती तपासून घ्या, अंदाजाने औषधं आणण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पावसाळ्यातलं अचानक मरणं हे बहुतेक वेळा मुळं सडल्यामुळे. जुलैत सलग पाऊस, खाली भारी माती, खड्डा म्हणजे बादली होऊन जाते. पानं हिरवी असतानाच मलूल होतात, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, ते अजून ओततात. बुंध्याजवळची साल नखाने खरवडा, आत तपकिरी अन् कुजका वास असेल तर गेलं. वाचवायचं असेल तर आधीच उंच गादीवर लावा, कलमाची गाठ मातीच्या चांगली वर ठेवा, अन् पावसाआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, हे आपल्या कोणत्याही संत्रावाल्याला पाठ आहे, घरच्यासाठी दहावा हिस्सा पुरतो. लोखंडी बादलीत कालवू नका, प्लास्टिकची घ्या.

रोगांबद्दल थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर क्रॅबॲपल म्हटलं की स्कॅब, फायर ब्लाईट, सीडर रस्ट यांच्याच याद्या येतात, ते सगळं थंड मुलखातलं. स्कॅबला गार ओलसर हवा लागते, काश्मीर-हिमाचलच्या बागांना त्याने चांगलं रडवलं, पण आपल्याकडे पानावर डाग दिसला तर पहिला संशय उन्हाच्या डागावर किंवा पावसाळ्यातल्या साध्या ठिपक्यांवर घ्या, गळलेला पाला उचलून टाका. फेब्रुवारीत कोवळ्या शेंड्यावर पांढरी भुकटी दिसली तर भुरी, तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण मार्चनंतर पारा ३२ च्या वर गेला की गंधक मारू नका, पानंच जळतात. आणि उधई, म्हणजे वाळवी. नवीन लेआऊटमध्ये, बेसा-हिंगण्याकडे मुरमाड प्लॉटवर उधईने खाल्लेली झाडं जास्त बघतो, खोडावर मातीचा पापुद्रा दिसला की खरवडून काढा, आणि खड्ड्यात कच्चं शेण अन् लाकडाचे तुकडे टाकू नका.

एवढं सगळं केल्यावर झाड जगेल, हिरवं राहील. फुलणार नाही. हे मान्य असेल तर ठेवा, पान छान असतं.

सफरचंदाचीच फुलं बघायची हौस असेल तर क्रॅबॲपल सोडून कमी थंडीचं सफरचंद लावा, फूल जवळपास तसंच, कळी गुलाबी अन् उमललं की पांढरं. हिमाचलातल्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही जात गरम मैदानी भागासाठीच ओळखली जाते, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. इस्रायलची ॲना अन् बहामाची डॉर्सेट गोल्डन या दोन जातीही कमी थंडीत फुलतात, ॲनाला परागासाठी डॉर्सेट जोडीला लागते म्हणून दोन्ही लावतात. वर लिहिलेलं ऊन, लोह अन् निचरा हे तिन्ही त्यांनाही लागू आहे, आणि रोप बिलावर जातीचं नाव लिहून देणाऱ्या नर्सरीतूनच घ्या.

पण खरं सांगू का, ज्यांना फोटोतलं ते दृश्य हवं आहे, पानं नसलेलं झाड फुलांनी भरलेलं, त्यांनी कांचन लावावा. आपट्याच्या कुळातला, दोन पाळ्यांचं पान, बौहिनिया व्हेरिगेटा म्हणून मागा, कारण कांचन म्हटलं की नर्सरीवाला कधी पुर्पुरिया देतो, तो दिवाळीच्या आसपास पानं असताना फुलतो, तोही सुंदरच पण ते दृश्य नाही. व्हेरिगेटा फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण होऊन गुलाबी-जांभळा होतो, पांढरी जात पण मिळते, उंची मध्यम, म्हणजे पंधराशे स्क्वेअर फुटांच्या प्लॉटला झेपेल अशी. कळ्यांची भाजी होते हा बोनस. तामण म्हणजे आपलं राज्यफूल, एप्रिलपासून जांभळं, उन्हाला पुरून उरतं, फक्त लहानपणी पाणी लागतं. बहावा पिवळा हवा असेल तर. गुलाबी टॅबेबुया सुरेख दिसतो पण तो मोठा होतो, कंपाऊंडला चिकटून लावू नका, शेजाऱ्याशी वाद होतो. गिरिपुष्प पण फेब्रुवारीत अगदी तसंच गुलाबी दिसतं, फांदी रोवली तरी लागतं, मला मात्र घराच्या बागेत ते आवडत नाही, ते परदेशी, पसरतं, आणि त्याच जागेत कांचन येत असताना कशाला.

लाल फळांसाठी जीव अडकला असेल तर बार्बाडोस चेरी लावा, बारीक गुलाबी फुलं अन् मग लालभडक चेरी, वर्षातून कितीतरी वेळा, पक्षी पण येतात अन् मुलंही खातात. मोठ्या कुंडीत पण चालते, दुपारी थोडी सावली दिली तर मे महिना आरामात काढते.

कांचन लावायची वेळ म्हणजे मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर. खड्डा दोन बाय दोन फूट, तळाशी मुरूम, बाजूला निघालेल्या काळ्या मातीत निम्मं शेणखत-मुरूम मिसळून भरा, पहिल्या हिवाळ्यात आधाराला काठी द्या. रोप निवडताना पिशवीच्या खालून बाहेर निघालेली जाड मुळं बघा, तसं असेल तर ते घेऊ नका, आत मूळ गोल फिरलेलं असतं अन् पाच वर्षांनी वादळात तेच झाड आडवं होतं. गुडघ्याएवढं सरळ खोडाचं रोप पुरतं, सहा फुटांचं महाग घेऊन काही लवकर फुलत नाही.